भाड्याची मोटार आणि मॉरिशसचें बेट

परदेशांत प्रवास करण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, दुसऱ्यानें आंखून दिलेल्या मार्गानें बसमधून हिंडावयाचें. दुसरी, मोटार भाड्यानें घेऊन आपली वाट आपणच धरावयाची. पहिलींत सोय अधिक, दुसरींत मोकळीक अधिक. परंतु या मोकळिकीबरोबर सारी जबाबदारीहि प्रवाशाच्या शिरावर येते, हें पुष्कळांच्या ध्यानांत रहात नाहीं.

मॉरिशसचें उदाहरण घ्यावें. हें बेट लांबीला सुमारें ६५ किलोमीटर, म्हणजे नागपूरहून वर्ध्यास जाण्याइतकेंहि अंतर नाहीं. १८१० पासून १९६८ पर्यंत तेथें इंग्रजांचा अंमल होता. त्यामुळें वाहनें आपल्याप्रमाणेंच डावीकडून चालतात. समृद्धि महामार्गावर मोटार चालविलेल्या नागपूरकरास वाटतें, येथें अडचण ती कसली? फसगत होते ती येथेंच. डोंगराळ भागांतील रस्ते अरुंद व वळणावळणाचे आहेत. मळ्यांतील ऊस उंच वाढला म्हणजे वळणापलीकडचें वाहन दिसत नाहीं. मोठ्या चौकांत वर्तुळाकार मार्ग असतात. तेथें उजवीकडून येणाऱ्या, म्हणजे वर्तुळांत आधींच असलेल्या वाहनास प्रथम जाऊं देणें हा नियम आहे. आपल्याकडे तो पुस्तकांत असतो, तेथें तो पाळला जातो.

निघण्यापूर्वीं कागदपत्रांची तजवीज करावी. १९४९ च्या जिनीव्हा करारास अनुसरून दिला जाणारा आंतरराष्ट्रीय वाहन-परवाना आपल्या विभागाच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांतून मिळतो. त्यासाठीं ‘४-अ’ हा नमुना भरावा लागतो. त्याची मुदत फार तर एक वर्षाची असते. मूळ परवाना मात्र घरीं ठेवून चालत नाहीं. दोन्ही जवळ बाळगावे.

याहून महत्त्वाचें तें भाड्याचें करारपत्र. ‘विमा उतरविलेला आहे’ एवढें ऐकून प्रवासी निश्चिंत होतो. पण बहुधा नुकसानीचा ठराविक पहिला भाग भाडेकऱ्यानेंच सोसावयाचा असतो, व त्यासाठीं त्याच्या क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात. कांचा व टायर पुष्कळदां विम्यांतून वगळलेले असतात. चालकाचें नांव करारांत असावें लागतें. वडील दमले म्हणून संध्याकाळीं मुलानें चाक हातीं घेतलें, त्याचें नांव करारांत नसलें आणि अपघात झाला, तर विमा असून नसल्यासारखा होतो. गाडी ताब्यांत घेतांना तिच्यावरील प्रत्येक ओरखड्याचें छायाचित्र काढून ठेवावें व पेट्रोल किती आहे याची नोंद करून घ्यावी.

एवढी खटपट कशासाठीं? समुद्रकिनारा तर बसमधूनहि दिसतो. परंतु पोर्ट लुईसच्या अप्रवासी घाटावर मन भरेपर्यंत थांबणें, ल मोर्न डोंगराच्या पायथ्याशीं पळून आलेल्या गुलामांची आठवण करणें, उसाच्या मळ्यांमधल्या एखाद्या खेड्यांत सहज उतरणें, हें बसच्या वेळापत्रकांत बसत नाहीं. १८३४ पासून या बेटावर करारानें बांधलेले मजूर येऊं लागले. मुंबई बंदरांतून आलेल्यांत कोंकणांतील मराठी माणसेंहि होतीं. त्यांच्या वंशजांची मुलें आज शाळेंत मराठी शिकतात आणि गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते. अशा घरीं चार शब्द मराठींत बोलावयास मिळाले तर प्रवासाचें सार्थक झालें.

त्या मजुरांपैकीं पुष्कळांना ज्या करारानें बांधून घेतलें तो वाचतां येत नव्हता. त्याची किंमत त्यांनीं वर्षानुवर्षें मोजली. आजच्या प्रवाशास वाचतां येतें. सही करण्यापूर्वीं दहा मिनिटें बसून त्यानें तें करारपत्र वाचावें, मगच किल्ली हातांत घ्यावी.