लाकडी जमिनीला तकाकी किती असावी?

सागवानी जमिनीवर पॉलिशचा अखेरचा हात देण्यापूर्वी कारागीर घरमालकाला विचारतो, 'ग्लॉस की मॅट?' उत्तर बहुधा उभ्याउभ्याच दिले जाते आणि ते 'चांगली चमकू द्या' असेच असते. लाकूड घासून, भेगा बुजवून झाल्यावर उरलेला हा निर्णय किरकोळ वाटतो. मात्र पुढील अनेक वर्षे जमीन कशी दिसेल, ती किती वेळा पुसावी लागेल आणि घरातील वृद्धांना तिच्यावरून निर्धास्तपणे चालता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी या उत्तरावर अवलंबून असते.

प्रथम जमीन खरोखरच लाकडाची आहे ना, याची खात्री करून घ्यावी. नव्या सदनिकांत 'वुडन फ्लोअरिंग' या नावाने जे बसविले जाते ते पुष्कळदा लॅमिनेट असते. म्हणजे लाकडाच्या तंतूंपासून दाबून बनविलेल्या तक्त्यावर लाकडाचे छापील चित्र. त्याची तकाकी कारखान्यातच ठरते. पुढील विवेचन जुन्या वाड्यांतील व बंगल्यांतील सागवानी फळ्या किंवा नव्याने बसविलेले खरे लाकूड यांच्यापुरते आहे.

जमिनीसाठी आज मुख्यत्वे पॉलियुरेथेन, म्हणजेच बोलीभाषेतील 'पीयू' पॉलिश वापरले जाते. हा लेप मुळात चकचकीतच असतो. त्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळले की वाळलेला पृष्ठभाग किंचित खडबडीत होतो, त्यावर पडलेला प्रकाश एका दिशेने परतण्याऐवजी विखुरतो आणि जमीन मंद दिसते. कण जितके अधिक, तितकी तकाकी कमी. हे कण डब्याच्या तळाशी बसतात. त्यामुळे डबा नीट न ढवळता काम सुरू केल्यास एकाच खोलीत कुठे चमक, कुठे मंदपणा असे पट्टे उमटतात.

तकाकी मोजताही येते. ग्लॉसमीटर हे उपकरण सामान्यतः ६० अंशांच्या कोनातून प्रकाश टाकून किती परावर्तन झाले ते नोंदविते. गुळगुळीत काळ्या प्रमाण काचेचे मूल्य १०० धरलेले असते. ढोबळमानाने २० च्या आतील लेपास मॅट, ३० ते ४० च्या आसपास सॅटिन, ५० ते ६० ला सेमी-ग्लॉस आणि ७० च्या पुढे ग्लॉस म्हटले जाते. परंतु या सीमारेषा प्रत्येक उत्पादकाच्या वेगळ्या असतात. एकाचे सॅटिन दुसऱ्याच्या सेमी-ग्लॉसइतके चमकू शकते. म्हणून नावापेक्षा आकडा विचारावा.

अधिक चमक म्हणजे अधिक टिकाऊ, हा समज मात्र बरोबर नाही. टिकाऊपणा लेपाची जात, जाडी आणि काम किती निगुतीने झाले यावर ठरतो. उलट चकचकीत पृष्ठभागावर प्रत्येक ओरखडा प्रकाशात उठून दिसतो. त्यातही लाकूड गडद असेल, तर धूळ अधिकच जाणवते. आपल्याकडे चपला दाराबाहेर राहतात हे जमिनीच्या पथ्यावरच पडते, कारण लेपाचा मोठा शत्रू तळव्याखाली येणारी वाळू होय. मात्र अनवाणी पावलांचे घामट ठसे ग्लॉसवर लगेच उमटतात. मॅटही सर्वस्वी निर्दोष नाही. वर्दळीच्या वाटेवर ग्लॉस निस्तेज होत जातो, तर मॅट लेप घासून घासून गुळगुळीत होतो आणि तेवढाच पट्टा चमकू लागतो. सॅटिनमध्ये हे दोन्ही बदल कमी खुपतात.

वृद्धांचा प्रश्न वेगळा आहे. घसरणे हे प्रामुख्याने पाणी, तेल आणि मेण यांमुळे होते, तकाकीमुळे नव्हे. तरीही मोतीबिंदू असलेल्या किंवा दृष्टी अधू झालेल्या व्यक्तीस चकाकणारी जमीन ओली भासते, पाऊल बिचकते आणि खरोखरच सांडलेले पाणी त्या चकाकीत लपून जाते. अशा घरात मॅट किंवा सॅटिनच घ्यावे. यात दिखाऊपणाला जागा देऊ नये.

नमुना पाहताना तो दुकानातील दिव्याखाली हातात धरून पाहण्यात अर्थ नाही. त्याच लाकडाच्या फळीवर लेप देऊन ती खोलीत जमिनीवर ठेवावी व उभे राहून पाहावी, एकदा सकाळी, एकदा दिवे लावल्यावर. गॅलरीच्या दारातून तिरपा प्रकाश येत असेल, तर मंद लेपही अपेक्षेपेक्षा अधिक चमकतो.

मॅटचे चार हात एकावर एक दिले तर लाकडाच्या रेषा धुरकट दिसू लागतात. म्हणून अनेक जाणकार कारागीर खालचे हात ग्लॉसचे देऊन केवळ अखेरचा हात हव्या त्या तकाकीचा देतात. याचा आणखी एक लाभ आहे. निवड चुकलीच, तर सगळे लाकूड उघडे करावे लागत नाही. खालचा लेप शाबूत असेल आणि जमिनीवर मेण लावलेले नसेल, तर बारीक काचकागदाने हलके घासून, धूळ पूर्ण टिपून, त्याच जातीच्या लेपाचा एक नवा हात पुरतो. मेण लावले असल्यास नवा लेप धरत नाही. ते आधी पूर्णपणे काढावे लागते.