खिऑस : अश्रूंच्या डिंकाचे बेट

एजियन समुद्रातले खिऑस हे ग्रीक बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर आहे. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा ‘रुमी मस्तकी’ हा डिंक मूळचा इथलाच. मस्तकीची दोन-तीन मीटर उंचीची झुडपे भूमध्य समुद्राभोवती इतरत्रही वाढतात. पण चिकासाठी तिची लागवड प्रामुख्याने खिऑसच्या दक्षिण भागातच रुजली.

उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडूनपुसून सपाट करतात आणि तिच्यावर पांढरी, चुनखडीची बारीक माती पसरतात. मग टोकदार हत्याराने सालीला छोट्या चिरा देतात. ओघळलेला चीक थेंबाथेंबाने मातीवर पडतो आणि पंधरा-वीस दिवसांत काचेसारखा कडक होतो. हे थेंब म्हणजे झाडाचे ‘अश्रू’. पुढे हिवाळाभर बायका घराघरांत बसून एकेक खडा सुरीने खरवडून साफ करतात. सगळ्यात चिकाटीचे काम हेच. २०१४ मध्ये युनेस्कोने या लागवडविद्येला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

मस्तकीच्या व्यापारासाठी जेनोवाच्या लोकांनी १३४६ ते १५६६ या काळात बेट ताब्यात ठेवले. नंतर ते ऑटोमन तुर्कांकडे गेले. जेनोवाच्या काळातच चाच्यांच्या भीतीने मस्तकीची गावे तटबंद झाली होती. मेस्ता गावात कडेच्या घरांच्या पाठभिंती सलग जोडून त्यांचेच गावकूस केले आहे. पिर्गी गावातील घरांच्या दर्शनी भिंती मात्र पाहतच राहाव्यात अशा : करड्या गिलाव्यावर चुन्याचा हात देऊन तो खरवडतात, आणि त्रिकोण-चौकटींची नक्षी उमटते. त्याच भिंतींवर, सज्जांखाली, वाळत घातलेल्या लालभडक टोमॅटोंच्या माळा लोंबतात.