अग्निबाण परत आला पाहिजे

गेल्या जूनमध्ये अमेरिकेहून आमच्या मोरिवलीच्या घरी जी बॅग आली, तिच्यात चॉकलेटं कमी आणि पुठ्ठ्याच्या नळ्या जास्त होत्या. चार इंच व्यासाच्या दोन जाडजूड नळ्या, एक सडपातळ नळी, प्लॅस्टिकचं टोकदार नाक, प्लायवूडचे तीन पंख, मध्ये भोक पाडलेल्या प्लायवूडच्या चकत्या, नायलॉनची छत्री आणि लांबलचक दोर. माझी चौदा वर्षांची नात हे सगळं दिवाणावर ओळीनं मांडत होती.

‘‘हे काय गं?’’ सौ.नं विचारलं.

‘‘रॉकेट, आजी. मी सुट्टीत इथंच बांधणार आहे.’’

सौ.नं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ नातीला कळणं शक्य नव्हतं. मला कळला. आमच्या घरात रॉकेट हा शब्द पन्नासएक वर्षं कुणी सहज उच्चारत नाही.

त्याचं कारण सांगायचं तर १९६९ सालात जावं लागेल. त्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला आणि अंबरनाथमधली आम्ही सगळी पोरं एका रात्रीत शास्त्रज्ञ झालो. आमचं गाव तसं जाळाशी सलगी असलेलं. एकीकडं तोफगोळ्यांशी नातं सांगणारी ऑर्डनन्स फॅक्टरी, दुसरीकडं आगपेट्यांची विमको. काड्यापेटीचं अप्रूप कुणालाच नव्हतं. मी दहा वर्षांचा आणि दादा तेरा. आगपेटीतल्या काड्यांचा गुल खरवडून आम्ही एका नळीत भरला. वर जाणार, एवढाच विचार. ती नळी वर गेली नाही, दादाच्या हातातच फुटली. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. आई त्यानंतर कितीतरी दिवस चूल पेटवतानासुद्धा आम्हाला लांब बसवायची.

पुढं पुष्कळ वर्षांनी मला कळलं, की हा वेडेपणा आमचा एकट्याचा नव्हता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, तेव्हा अमेरिकेतल्या मुलांनीही घरोघरी असलेच उद्योग आरंभले होते, आणि त्यातली कित्येक जायबंदी झाली. त्याआधीच, १९५४ च्या सुमारास, नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइल नावाच्या एका बुटांच्या दुकानदारानं कागदाचं छोटं रॉकेट तयार केलं होतं. इंधन भरलेली मोटार वेगळी, रॉकेट वेगळं. एक मोटार जळली की दुसरी घालायची आणि तेच रॉकेट पुन्हा उडवायचं. हॅरी स्टाइन या अभियंत्याला ते फार आवडलं. मुलांनी दारूला हात लावायचाच नाही, ती कारखान्यात मोजूनमापून भरलेली मिळावी आणि मुलांनी डोकं लावावं ते बाकीच्या बांधणीत, असं या छंदाचं सूत्र ठरलं. १९५७ सालीच तिथं या हौशी मंडळींची ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ ही संस्था स्थापन झाली.

नातीनं आणलेला संच मात्र त्या खेळण्यातल्या रॉकेटाचा थोरला भाऊ. या मोटारींना इंग्रजी मुळाक्षरांची नावं असतात आणि प्रत्येक अक्षराला ताकद दुप्पट होत जाते. ‘ए’ची कमाल मर्यादा अडीच न्यूटन-सेकंद, ‘बी’ची पाच, ‘सी’ची दहा. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला ही दामदुप्पट योजना लगेच समजली. ‘जी’ला १६० भरतात आणि ‘एच’ला ३२०. म्हणजे ‘ए’च्या १२८ पट. ‘एच’पासून पुढं ‘हाय पॉवर’ सुरू होतं आणि तिथं प्रमाणपत्राशिवाय कुणी मोटार हातात देत नाही. मोठ्यांसाठी वयाची अट अठरा. चौदा ते सतरा वयाच्या मुलांसाठी वेगळी सोय आहे. पण मोटारीची जबाबदारी प्रमाणपत्रधारक मोठ्या माणसाची, आणि उड्डाणाच्या वेळी तो शेजारी हवा. आमच्या मुलानं, म्हणजे तिच्या बाबांनी, दोन वर्षांपूर्वी ते प्रमाणपत्र मिळवलंय.

‘‘म्हणजे मोटार इथं नाहीच?’’ सौ.नं तीनदा खात्री करून घेतली. मोटार नव्हतीच. ती विमानातून आणता येत नाही, आणि आपल्याकडं हौशी माणसाला ती दुकानातून विकत मिळत नाही. आपला स्फोटकांचा कायदा १८८४ सालचा. परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. तेव्हा बांधायचं मोरिवलीत, उडवायचं ओहायोत, असा बेत. सौ.चा जीव भांड्यात पडला. माझा पूर्णपणे नाही.

या मोटारीतलं इंधन म्हणजे अमोनियम परक्लोरेट, थोडी धातूची पूड आणि हे सगळं धरून ठेवणारं एक कृत्रिम रबर. आपल्या पीएसएलव्हीचा पहिला टप्पाही याच जातीच्या घन इंधनावर चालतो. फरक इतकाच, की नातीच्या मोटारीत ते शंभर-सव्वाशे ग्रॅम आणि तिथं सुमारे १३८ टन. थुंब्याला घन इंधनाचं काम उभं करणाऱ्यांमध्ये आपले डॉ. वसंत गोवारीकर होते. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ नं रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक तेच होते. आदल्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, पहिला प्रयत्न बंगालच्या उपसागरात कोसळला होता. हे मी नातीला मोठ्या अभिमानानं सांगितलं. तिनं विचारलं, ‘‘का पडलं?’’ तिला गोष्टीतला अभिमान नको होता, बिघाड हवा होता.

कामाला सुरुवात झाली. आमची वरच्या मजल्यावरची गॅलरी हा कारखाना. आधी काचपेपरनं घासणं. नळ्यांची आतली बाजू घासायची, चकत्यांच्या कडा घासायच्या, पंखांच्या कडा गोल करायच्या. मग काहीही न चिकटवता सगळं एकदा जुळवून बघायचं. त्यानंतर सडपातळ नळीवर चकत्या बसवायच्या आणि ती मोठ्या नळीच्या पोटात घालायची; मोटार या आतल्या नळीत राहते. मोठ्या नळीला तीन खाचा असतात. पंख त्या खाचांतून आत जाऊन आतल्या नळीला टेकतो आणि आतून-बाहेरून चिकटवला जातो. नुसता वरून चिकटवलेला पंख या वेगात टिकत नाही.

चिकटवायला अरल्डाइट, आणि बाहेर मोरिवलीचा पाऊस. हवा इतकी ओली, की एकेका सांध्याला पूर्ण दिवस द्यावा लागे. नात घाई करत नव्हती. एक पंख लावायचा, रात्रभर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी दुसरा. घाई मला होती.

तिसऱ्या पंखाच्या रात्री माझ्या हातून चूक घडली. सगळे झोपल्यावर मी गॅलरीत गेलो. तो पंख मला किंचित कलता वाटला. अरल्डाइट अजून ओलं होतं. मी पंख हलक्या हातानं सरळ केला आणि दोन्ही बाजूंना माझ्याच एका कादंबरीच्या प्रतींचा टेकू दिला. त्या घरात भरपूर शिल्लक आहेत.

सकाळी नातीनं पुस्तकं पाहिली. ‘‘आजोबा, तुम्ही हात लावलात?’’

‘‘अगं, थोडासाच. बघ, आता किती सरळ आहे!’’

तिनं पट्टी लावून पाहिलं. पंख खरंच सरळ होता. ती म्हणाली, ‘‘पण रॉकेट मीच बांधलंय असं मला सांगावं लागतं. आता कसं सांगू?’’ आणि तिनं करवतीचं पातं घेऊन तो पंख कापून काढला. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त कामाला लागली. जुनं अरल्डाइट घासून काढायला आणि पंख पुन्हा बसवायला चार दिवस गेले. माथेरानला जायचं ठरलं होतं, ते राहिलं.

बँकेत आमचा एक साधा नियम असे. ज्यानं नोंद केली त्यानंच ती तपासायची नाही, आणि जो तपासतो त्यानं नोंदीत हात घालायचा नाही. हा नियम मोडणाऱ्या दोघा-तिघांना मी खुलासे लिहायला लावले होते. रात्री मुलाचा फोन आला तेव्हा हे सगळं त्याला कळलं होतं. तो हसला आणि म्हणाला, ‘‘बाबा, शाळेत असताना माझी पवनचक्की तुम्हीच केली होती. पहिलं बक्षीस मिळालं. पण ती कशी फिरत होती, ते मला तेव्हा सांगता आलं नव्हतं.’’ फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो.

त्या आठवड्यात बदलापूरहून दादा आला. दादा आयुष्यभर फिटर. रॉकेटाबद्दल त्याला सांगावं की नाही, यावर सौ.ची आणि माझी कुजबुज झाली होती. पण तो जिना चढून थेट गॅलरीतच गेला. नातीनं त्याच्या हातात नळी दिली. त्यानं ती डाव्या, अपुऱ्या हातावर तोलली आणि उजव्या हातानं पंख चाचपले.

‘‘सरळ रेघ कशी मारलीस?’’

‘‘पट्टीनं, मोठे आजोबा.’’

‘‘गोल नळीवर पट्टी घसरते बाळा. लोखंडी अँगल आडवा ठेव. तो आपोआप नळीच्या रेघेत बसतो.’’ एवढं सांगून त्यानं हात मागं घेतला. अँगल तिनं ठेवला, रेघ तिनं मारली. मला जे जमलं नव्हतं, ते त्याला न सांगता जमलं.

मग दादानं विचारलं, ‘‘वर जाईल ते कळलं. खाली कसं येणार?’’

नातीचे डोळे चमकले. ‘‘मोठे आजोबा, पास-नापास त्याच्यावरच असतं!’’

आणि तिनं समजावून सांगितलं. मोटार सेकंद-दीड सेकंदच जळते. मग रॉकेट नुसतं वेगाच्या जोरावर वर जात राहतं. मोटारीच्या आत एक सावकाश जळणारा भाग असतो, तो मोजके सेकंद घेतो; त्यानंतर एक छोटा बार उडतो, नाक बाहेर ढकललं जातं आणि छत्री उघडते. हे सेकंद आधीच हिशेब करून ठरवायचे. कमी पडले तर भर वेगात छत्री उघडते आणि दोर नळीला चिरत जातो. जास्त झाले तर रॉकेट नाकावर जमिनीत घुसतं. छत्री जळू नये म्हणून तिच्याभोवती न पेटणारं कापड गुंडाळतात. आणि किती उंच गेलं याला प्रमाणपत्रात गुण नाहीत. ते सरळ गेलं पाहिजे, छत्री उघडली पाहिजे आणि खाली आलेलं रॉकेट उचलून परीक्षकाला दाखवलं पाहिजे. पुन्हा उडवण्याजोगं असलं तरच पास.

दादा ऐकत होता. २५ मे १९६१ रोजी अध्यक्ष केनेडींनी अमेरिकन संसदेत चंद्राचा संकल्प सोडला, तेव्हा त्यांनीही माणसाला नुसतं चंद्रावर उतरवायचं म्हटलं नव्हतं. सुखरूप पृथ्वीवर परत आणायचं, हे त्याच वाक्यात होतं. आम्हा दोघा भावांनी १९६९ साली त्यातला अर्धाच भाग ऐकला होता.

शेवटी तोल पाहिला. छत्री आणि मोटारीच्या वजनाचा दगड घालून नातीनं रॉकेट दोरीत आडवं टांगलं. जिथं ते समतोल राहतं, तो बिंदू वाऱ्याचा जोर जिथं एकवटतो त्या बिंदूच्या पुढं, निदान नळीच्या व्यासाइतका, असावा लागतो. म्हणजे आमच्या बाबतीत चार इंच. वजन पुढं, पंख मागं. उलट झालं तर रॉकेट हवेत कोलांट्या खातं. एकदा सुटल्यावर त्याला कुणी काही सांगू शकत नाही. जे सांगायचं ते जमिनीवरच, अरल्डाइट वाळायच्या आत.

जुलैअखेर रॉकेट दोन तुकड्यांत, जुन्या साड्यांत गुंडाळून परत गेलं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळचे अकरा. मका काढून झालेलं शेत, विमान खात्याची परवानगी काढलेली, सगळी माणसं शंभर फुटांच्या मागं. आमच्याकडं मी, सौ. आणि मुद्दाम मुक्कामाला आलेला दादा. पाचपासून उलटी मोजणी झाली. नातीनं बटण दाबलं आणि जाड कापड टरकन फाडल्यासारखा आवाज आला. सौ.नं डोळे मिटले. दादानं आपला डावा हात उजव्या हातात धरला होता.

रॉकेट दिसेनासं झालं. मी मनात सेकंद मोजत होतो. सात... आठ... मग मुलाचा आवाज आला, ‘‘उघडली!’’ निळ्या आकाशात नारिंगी ठिपका. तो खाली यायला मिनिटभर लागलं असेल. नात शेतातून धावत गेली आणि दोन्ही हातांवर ते उचलून घेऊन आली. परीक्षकांनी तिन्ही पंख हलवून पाहिले, दोर ओढून पाहिला, नळीच्या कडेवरून बोट फिरवलं. एका पंखाचा रंग टवका उडून गेला होता, तेवढंच. कागदावर सही झाली.

दुसऱ्या दिवशी मुलानं चित्रफीत पाठवली. दादा बदलापूरला निघाला होता, चपला पायात घातलेल्या. मी फोन त्याच्यापुढं धरला.

‘‘वर जातानाचं राहू दे,’’ तो म्हणाला. ‘‘उतरतानाचं दाखव.’’