चांगला एजंट ओळखावा कसा?

जळगाव-धुळ्यात घर किंवा प्लॉट विकताना, जो एजंट सर्वांत जास्त किंमत सांगतो तोच हुशार, असा समज आढळतो. प्रत्यक्षात विक्रीचे कौशल्य म्हणजे वाजवी भावात, वाजवी मुदतीत व्यवहार खरेदीखतापर्यंत नेणे. रावेरच्या केळी उत्पादकाला हे ठाऊक असते: बागेत बोललेला भाव वेगळा, काट्यावर वजन झाल्यावर हाती पडणारी रक्कम वेगळी.

म्हणून एजंटाला मागच्या व्यवहारांबद्दल विचारावे: आधी किंमत किती सांगितली, शेवटी किती मिळाली, वेळ किती लागला? नोंदलेली रक्कम इंडेक्स-टूवर (नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा) पडताळता येते. महारेराने (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) 2023 मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली. ते प्रमाणपत्र जरूर पाहावे. मात्र ते नियमांच्या माहितीचे आहे, विक्रीच्या हातोटीचे नव्हे.