स्वतःचे संकेतस्थळ कसे करावे?

संकेतस्थळ म्हटले की बँका, वर्तमानपत्रे, सरकारी खाती यांची भलीमोठी झगमगीत पाने डोळ्यांसमोर येतात, आणि मग सामान्य माणूस म्हणतो, "छे, हे काही आपलं काम नव्हे! त्याला इंजिनीयरच पाहिजे." श्रोतेहो, आज मला आपल्याला एवढंच सांगायचं आहे, की ज्याला संगणकावर मराठीत पत्र लिहिता येते, त्याला स्वतःचे लहानसे संकेतस्थळही करता येते. दोन-तीन दुपारी मोकळ्या असल्या म्हणजे पुरे. खर्च जवळजवळ नाहीच.

नुसते शास्त्र सांगत बसण्यापेक्षा एक उदाहरण घेऊन चालू या. समजा, आपल्या घरी एक जुनी वही आहे. आजी जात्यावर ज्या ओव्या म्हणत असे, त्या आईने तीत उतरवून ठेवल्या आहेत. साठ-सत्तर ओव्या, पेन्सिलीने लिहिलेल्या. कडेची काही पाने वाळवीने खाल्लेली. प्रत एकच. भाऊबंद कोणी नाशकाला, कोणी बडोद्याला, कोणी अमेरिकेत. ही वही सगळ्यांना वाचायला मिळावी, आणि वहीचे काही बरेवाईट झाले तरी ओव्या राहाव्यात, एवढीच आपली इच्छा आहे. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले तर? पाठवावेत जरूर. पण आठवड्याभरात ते सुप्रभात आणि शुभेच्छांच्या ढिगाखाली जातात. वर्षाने कोणाला एखादी ओवी हवी झाली तर ती कुठून काढायची? संकेतस्थळाला एक कायमचा पत्ता असतो, हा त्याचा खरा फायदा.

अशा वहीला मोल नाही असे मात्र समजू नका. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर त्यांतल्या पुष्कळ ओव्या वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. आपल्या वहीतल्या सत्तर ओव्या त्याच जातकुळीच्या आहेत.

आता संकेतस्थळ म्हणजे नेमके काय? ग्रंथालयात आपण चिठ्ठी देतो, शिपाई आत जाऊन पुस्तक आणून देतो. इथेही तेच. आपल्या फोनमधला किंवा संगणकातला ब्राउझर चिठ्ठी पाठवतो, आणि दूर कुठेतरी रात्रंदिवस चालू असलेला सर्व्हर नावाचा संगणक मागितलेले पान पाठवून देतो. ते पान म्हणजे साधी मजकुराची फाइल असते. सारी किमया एवढीच.

ही पद्धत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सुचवली. ते तेव्हा जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत होते. १९९१ साली तिथले पहिले संकेतस्थळ जगाला खुले झाले. त्यात चित्र नव्हते, रंग नव्हते. फक्त मजकूर, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले, की ही पद्धत कोणीही विनामूल्य वापरावी. म्हणून आज आपल्याला पान लिहायला कोणाचा परवाना लागत नाही. आणि गंमत अशी, की त्या काळात लिहिलेली साधी पाने आजचे ब्राउझरही वाचू शकतात. साधेपणा टिकतो, हे नवशिक्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

आता कामाला लागू. संगणकावर एक नवे फोल्डर करा. मग विंडोज असेल तर नोटपॅड उघडा. वर्ड नको, कारण वर्ड आपल्या मजकुराबरोबर स्वतःची बरीच गुप्त सजावट साठवतो आणि ब्राउझरला ती कळत नाही. नोटपॅडमधली ही फाइल 'इंडेक्स' या नावाने साठवायची. नाव इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरे लहान, मध्ये जागा नाही, आणि पुढे टिंब देऊन एच-टी-एम-एल. हेच नाव का? तर नुसता पत्ता सांगून कोणी पान मागितले, तर सर्व्हर बहुधा 'इंडेक्स' नावाची फाइल शोधून देतो. साठवताना फाइलचा प्रकार 'ऑल फाइल्स' असा निवडा. नाहीतर नोटपॅड शेपटीला 'टीएक्सटी' जोडून देतो आणि पान उघडतच नाही.

एच-टी-एम-एल ही काही अवघड भाषा नव्हे. छापखान्यात मुद्रितावर खुणा करतात, इथे मथळा, इथे परिच्छेद, तशा या खुणा आहेत. त्यांना टॅग म्हणतात. प्रत्येक टॅग टोकदार कंसात लिहायचा. म्हणजे गणितात 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' अशी जी चिन्हे आपण शाळेत शिकलो, त्यांच्यामध्ये. मोठ्या मथळ्यासाठी इंग्रजी एच आणि आकडा एक. परिच्छेदासाठी नुसता पी. मजकूर संपला की तोच टॅग पुन्हा, पण आत आधी एक तिरपी रेघ. म्हणजे 'इथे संपले'. ओवीचे चरण वेगवेगळ्या ओळींवर हवेत ना? मग चरणाच्या शेवटी बी-आर हा टॅग. त्याला जोडीदार लागत नाही. पानाचे दोन भाग असतात: 'हेड' आणि 'बॉडी'. बॉडीत वाचकाला दिसणारा मजकूर. हेडमध्ये ब्राउझरला द्यायच्या सूचना. आणि या सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, हे पान एच-टी-एम-एल आहे असे सांगणारा 'डॉकटाइप'.

हेडमधल्या सूचना थोड्याच आहेत, पण मराठी लिहिणाराने त्या नीट समजून घ्याव्यात. पहिली 'टायटल', म्हणजे पानाचे नाव. दुसरी 'मेटा चारसेट', आणि तिची किंमत यूटीएफ-८. ही ओळ विसरलात तर काय होईल? संगणक अक्षरे आकड्यांत साठवतो. या पद्धतीत आपल्या 'म' या एका अक्षराला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे. म्हणजे पंधरा बाइट झाले. तीन-तीन बाइट एकत्र वाचायचे आहेत हे ब्राउझरला सांगितले नाही, तर तो एकेक सुटा वाचू शकतो, आणि 'मराठी'च्या जागी पंधरा खुणांचा गिचमिड काला दिसतो. पुष्कळ नवशिके इथे घाबरून काम सोडतात. फाइल बिघडलेली नसते. ती एक ओळ राहिलेली असते. नोटपॅडमध्ये साठवतानाही 'एन्कोडिंग' यूटीएफ-८ आहे ना, ते पाहून घ्या.

तिसरी सूचना भाषेची. पानाच्या सुरुवातीच्या एच-टी-एम-एल टॅगमध्येच 'लँग' लिहून एम-आर ही दोन अक्षरे द्यावीत. हिंदीची खूण एच-आय, मराठीची एम-आर. लिपी एकच असल्यामुळे नुसते पाहून यंत्राला फरक कळेलच असे नाही. अंध वाचकांना पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला त्यावरून कळते, की हे मराठी आहे. शिवाय काही फॉन्टांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे ठेवलेले असतात; एम-आर लिहिले की ते आपोआप येतात. चौथी सूचना 'व्ह्यूपोर्ट'. तिच्यात पानाची रुंदी यंत्राच्या रुंदीइतकी ठेव, असे सांगायचे. ती नसली तर फोनवर अक्षरे मुंगीएवढी दिसतात, आणि आपले वाचणारे बहुतेक फोनवरच वाचणार.

जुने टंकलेखन ज्यांच्याजवळ आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. पूर्वी शिवाजी किंवा कृतिदेव अशा फॉन्टांत मराठी टंकित करीत. तिथे खरी साठवण इंग्रजी अक्षरांचीच असे. वर फक्त देवनागरीचा मुखवटा. तो फॉन्ट ज्याच्या संगणकावर नाही त्याला निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात, आणि मराठी शब्द टाकून शोधणाऱ्याला तो मजकूर सापडत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि मग जोडाक्षरे, रफार डोळ्यांखालून घाला. बदलताना तेच अधिक निसटतात.

आता दुवा. त्यासाठी 'ए' हा टॅग, आणि त्यात 'एचरेफ' लिहून दुसऱ्या फाइलचे नाव. आपल्या कामाला तीन पाने पुरतील: पहिले प्रस्तावनेचे, दुसरे ओव्यांचे, तिसरे आजीविषयी चार शब्दांचे. तिन्ही पाने एकमेकांना दुव्यांनी जोडा. प्रत्येक ओवीखाली कोणी म्हटली, कोणत्या गावी, कोणत्या सुमारास उतरवली, हे लिहा. जो शब्द लागत नाही तिथे तसे सांगा. अंदाजाने भरू नका. पुढच्या माणसाला उपयोग होतो तो या माहितीचाच.

वहीच्या पानाचे छायाचित्रही घाला. फोनमधला फोटो पुष्कळदा तीन-चार एमबीचा असतो. तो लहान करून दोन-तीनशे केबीवर आणला, की खेड्यातल्या मंद जोडणीवरही लवकर उघडतो. चित्राच्या टॅगमध्ये 'आल्ट' लिहून चित्रात काय आहे ते एका वाक्यात सांगावे. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांना ते ऐकू येते.

सजावट शेवटी. तिची भाषा वेगळी, सी-एस-एस. पण आरंभी तीनच गोष्टी पुरतात. अक्षर थोडे मोठे, ओळीची लांबी बेताची, आणि दोन ओळींत मोकळी जागा अक्षराच्या दीडपट किंवा किंचित जास्त. आपल्या लिपीत वर मात्रा, खाली उकार. इंग्रजीइतक्या ओळी जवळ आणल्या तर त्यांची टक्कर होते.

एवढे झाले, की फाइलवर दोनदा टिचकी मारा. पान ब्राउझरमध्ये उघडेल. इंटरनेट लागत नाही, कोणाला दिसतही नाही. हवे तितके खोडा, पुन्हा लिहा.

पान मनासारखे झाले म्हणजे ते सर्व्हरवर ठेवायचे. 'गिटहब पेजेस' आणि 'निओसिटीज' या दोन सेवा अशी साधी पाने विनामूल्य ठेवू देतात. खाते उघडा, फोल्डरमधल्या फाइली चढवा, पत्ता मिळतो. पत्त्याला त्यांचे नाव जोडलेले असते. स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल तर तो दरसाल भाडे भरून घ्यावा लागतो. शेवटी 'डॉट इन' असलेला घ्या, नाहीतर २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळतो. तो विकत मिळत नाही, भाड्यानेच मिळतो, हे विसरू नका. मुदत चुकली तर दुसरा कोणीही तो घेऊ शकतो. आणि नोंद स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर करा. काम करून देणाऱ्याच्या नावावर नोंद राहिली, की पुढे आपल्याच घराची किल्ली दुसऱ्याकडे मागावी लागते.

फुकटच्या जागेवर भरवसा किती ठेवावा, याचे एक उदाहरण सांगतो. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर लक्षावधी सामान्य माणसांनी आपली पाने मांडली होती. १९९९ साली ती याहू कंपनीने घेतली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये जपान वगळता सगळीकडे बंद केली. इंटरनेट आर्काइव्ह आणि काही स्वयंसेवक यांनी जे वाचवले ते वाचले, बाकी गेले. ज्यांच्या घरी मूळ फाइली होत्या त्यांनी त्या दुसरीकडे चढवल्या. म्हणून मूळ प्रत नेहमी आपल्या संगणकावर, दुसरी पेनड्राइव्हवर, आणि तिसरी परगावच्या भावाकडे. सर्व्हरवर असते ती नक्कल समजावी.

आणखी एक सावधगिरी. पान चढवले की ते चव्हाट्यावर आले. घरचा पत्ता, फोन नंबर, जन्मतारखा तिथे घालू नका. फोनने काढलेल्या फोटोत तो कुठे काढला याची नोंद लपलेली असू शकते; ती आधी काढून टाका. हयात नातेवाइकांची नावे त्यांना विचारूनच लिहा. ओव्या परंपरेच्या असल्या, तरी दुसऱ्याच्या छापील संग्रहातून काही घ्यायचे असेल, तर परवानगी हवी.

सगळी वही एकदम उतरवायचा घाट घालू नका. आज पहिल्या पाच ओव्या लिहा आणि पान उघडून पाहा. पत्ता भावंडांना कळवा. दर आठवड्याला पाच, या हिशेबाने तीन-साडेतीन महिन्यांत वही पुरी होईल. दरम्यान घरातली एखादी मावशी किंवा आत्या म्हणेल, "अगं, ही ओवी आई अशी नव्हती म्हणत, तिचा शेवट वेगळा होता." तोही लिहून घ्या, आणि ओवीखाली मावशीच्या नावानिशी घाला; तिची हरकत नाही ना, तेवढे विचारून.