आधीं कोणाचें पॅकेट?

तारऑफिसांत साधी आणि ‘एक्स्प्रेस’ अशा दोन प्रकारच्या तारा घेत असत. एक्स्प्रेस तारेस पैसे अधिक पडत आणि ती साध्या तारेच्या आधीं पुढें जाई. भारतांतील ही सेवा २०१३ सालीं बंद झाली. परंतु एकाच मार्गानें पुष्कळांना जावयाचें असतां आधीं कोणीं जावें, हा तिच्या मागील प्रश्न मिटला नाहीं. कचेऱ्यांतून व रुग्णालयांतून बसविलेल्या ‘नेटवर्क स्विच’ नांवाच्या पेटीपुढें तो क्षणोक्षणीं उभा राहतो.

एखाद्या रुग्णालयाची कल्पना करावी. तेथील टेलिफोन, क्ष-किरणांचीं चित्रें आणि हिशेब हीं सर्व एकाच केबलवरून जातात. पाठवावयाच्या प्रत्येक वस्तूचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात. त्यांस पॅकेट म्हणतात. साध्या पद्धतीच्या टेलिफोनवरील बोलणें सेकंदास ५० पॅकेटांनीं जातें व प्रत्येकांत आवाजाचे अवघे १६० बाइट असतात. उलट चित्राचीं पॅकेटें पंधराशे बाइटांपर्यंतचीं आणि हजारोंच्या झुंडीनें येणारीं. चोवीस पोर्टांतून आलेली गर्दी एकाच वाटेनें बाहेर पडूं लागली म्हणजे स्विच जादा पॅकेटें आपल्या स्मृतींत थोपवून धरतो. ती भरली कीं उरलेलीं टाकून देतो. दिवसाची सरासरी पाहिली तर केबल बहुतेक मोकळीच दिसते. घात होतो तो त्या क्षणभराच्या झुंडीनें.

चित्राचें पॅकेट हरवलें तर तें पुन्हा मागवितां येतें. बोलण्याचें तसें नाहीं. उशिरां आलेलें अक्षर व्यर्थच होय. आवाज एका टोंकाहून दुसऱ्या टोंकास १५० मिलिसेकंदांच्या आंत पोंचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. डॉक्टरांनीं परिचारिकेस ‘तें औषध देऊं नका’ असें सांगितलें, तर त्यांतील ‘नका’ हा शब्द सुमारें पंधरा पॅकेटांत मावतो. नेमकीं तींच गळालीं तर काय होईल, हें सांगावयास नको.

यावर उपाय म्हणजे पॅकेटावर दर्जाचा शिक्का मारणें. इंटरनेटच्या १९८१ सालच्या नियमांतच त्यासाठीं एक बाइट राखलेला होता. १९९८ सालीं त्यांतील सहा बिटांस नवा अर्थ देण्यांत आला, आणि ६४ शिक्के उपलब्ध झाले. आवाजासाठीं ४६ हा आंकडा रूढ आहे. स्विच शिक्का पाहून पॅकेट योग्य त्या रांगेंत उभें करतो व आवाजाच्या रांगेस प्रथम वाट देतो.

खरी मेख पुढेंच आहे. शिक्का पाठविणाराच मारतो. आणि ४६ हा आंकडा कोणाचाही संगणक लिहूं शकतो. सगळ्यांनीच एक्स्प्रेस तारा केल्या तर एक्स्प्रेसला अर्थ तो काय राहिला? म्हणून टेलिफोनच्या पोर्टावरून आलेल्या शिक्क्यावर विश्वास ठेवावा व इतरांचा प्रवेशद्वारींच पुसून शून्य करावा, असा प्रघात आहे. कांहीं स्विच तर ही व्यवस्था चालू करतांच कोणावरही विश्वास ठेवीत नाहींत आणि टेलिफोनचाही शिक्का पुसून टाकतात. मग सुधारणा करावयास गेलेल्या माणसास बोलणें पूर्वींइतकेंच, किंबहुना अधिक, तुटक ऐकूं येतें! पहिल्या मानाच्या रांगेस मर्यादाही घालावी लागते. नाहींतर मागच्या रांगांतील पॅकेटें उपाशी मरतात.

ह्या सर्व खटाटोपानें केबल रुंद होत नाहीं. कोणीं थांबावयाचें एवढेंच ठरतें. शिवाय वाटेंतील प्रत्येक स्विचानें तोच नियम पाळला पाहिजे. रुग्णालयाच्या बाहेर, सार्वजनिक इंटरनेटवर, त्या शिक्क्यास सहसा कोणी विचारीत नाहीं. म्हणून व्यवस्था लावल्यावर भर गर्दीच्या वेळीं एक मोठी फाइल पाठवावी, त्याच वेळीं टेलिफोनवर बोलत राहावें, आणि आवाजाच्या रांगेंतून किती पॅकेटें टाकलीं गेलीं तो आंकडा स्विचाच्या नोंदींत पाहावा. तो शून्य नसेल तर पुन्हा पहिल्या पोर्टापासून तपासणीस लागावें.