अधिकारपदाची कसोटी व आमचे कर्तव्य

शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी या गावाने आपले नावच मुळी शिपाईगिरीने कमावले आहे. सैन्यात भरती होण्यास आमच्या जिल्ह्यातील तरुण कधी मागे राहिला नाही. परंतु शिपाई होणे निराळे आणि शिपायांस हुकूम देण्याची जबाबदारी शिरावर घेणे निराळे. ही दुसरी पायरी कशी चढावयाची, याची माहिती मात्र पुष्कळ घरांतून नसते, व जी वाट ठाऊक नाही तीवर मुलगा पाऊल तरी कसे टाकणार?

एके काळी ही वाट बंदच होती. 1918 साली सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षास अवघ्या दहा जागा ठेवण्यात आल्या, व त्याही घराणे, शिफारस आणि राजनिष्ठा पाहून. कोल्हापूरचे जनरल एस. पी. पी. थोरात 1926 साली तेथूनच अधिकारी होऊन बाहेर पडले. पण तो योग लाखांत एखाद्याचा. आज शिफारशीची जागा परीक्षेने घेतली आहे, आणि हा पालट लहान नव्हे.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीसाठी लेखी परीक्षा 900 गुणांची. निवड मंडळापुढील कसोटीही तितक्याच गुणांची. ही दुसरी कसोटी पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी बुद्धिमापन व चित्रावरून कथा-चर्चा; त्यात जे उतरत नाहीत त्यांस त्याच दिवशी घरी पाठवितात. उरलेल्यांस चित्रांवर गोष्टी लिहावयाच्या, साठ शब्द पाहून प्रत्येकी पंधरा सेकंदांत मनात आले ते लिहावयाचे, अर्ध्या तासात साठ प्रसंगांची उत्तरे द्यावयाची. मैदानावर फळ्या, दोर व पिंपे घेऊन गटाने अडथळे ओलांडावयाचे. उमेदवार तेथे नावाने नव्हे, छातीवरील क्रमांकाने ओळखला जातो.

वकिलीच्या दृष्टीने आम्हांस यातील एक गोष्ट विशेष वाटते. मानसशास्त्रज्ञ केवळ लेखनावरून मत बनवितो, मैदानावरचा अधिकारी केवळ वर्तनावरून, व मुलाखत घेणारा संभाषणावरून. तिघेही शेवटच्या दिवसाच्या बैठकीपर्यंत आपापले मत आपल्यापाशी ठेवतात. तीन न्यायाधीशांनी एकमेकांस न विचारता निकाल लिहावा, तशी ही पद्धत आहे. एकाची चूक दुसऱ्याने सुधारावी, हाच तिचा हेतू.

म्हणूनच तयार गोष्टी पाठ करवून घेणाऱ्या शिकवण्यांचा आम्हांस विषाद वाटतो. कागदावर शूर व मैदानावर गप्प, हा विसंवाद तीन डोळ्यांपासून लपत नाही. आईबापांचे पैसे मात्र जातात.

तथापि पद्धत निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. नापास उमेदवारास कारण सांगितले जात नाही. न्यायालयाने कारणांवाचून निकाल दिला तर आम्ही अपील करू. याहून मोठी अडचण भाषेची. लेखी परीक्षेच्या 900 गुणांपैकी 200 एकट्या इंग्रजीचे. मंडळापुढे हिंदी चालते खरी; पण राधानगरीच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा दहाजणांच्या चर्चेत शब्द शोधू लागला, की वेळ निघून जाते. त्यात धैर्याची उणीव नसते, सवयीची असते.

ही सवय लहानपणीच लागावी लागते. साताऱ्याची सैनिकी शाळा 1961 साली निघाली. तेथे सहावीच्या प्रवेशाची परीक्षा मराठीतून देता येते, नववीची मात्र इंग्रजीतूनच. पालकांचे उत्पन्न पाहून शिष्यवृत्तीही मिळते. म्हणजे पाचवीतच अर्ज करणाऱ्या गरिबास दार मोठे आहे. तीन वर्षे उशीर केला की तेच अरुंद होते. दहावीनंतरच्या मुलांसाठी राज्य सरकारची संस्था संभाजीनगरात 1977 पासून आहे. महाविद्यालयात छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळविणाऱ्या पदवीधरास विशेष प्रवेशाने लेखी परीक्षेवाचून मंडळापुढे जाता येते. आणि 2021 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रबोधिनीचे दार मुलींनाही उघडले. 2025 च्या मे महिन्यात सतरा मुली तेथून उत्तीर्ण झाल्या. तेव्हा ‘मुलगी आहे’ ही सबब आता कोणी पुढे करू नये.

राजर्षी शाहू छत्रपतींनी 1901 साली मराठा वसतिगृह काढले, ते मुलांत बुद्धी नव्हती म्हणून नव्हे. बुद्धीस शहरात राहावयास जागा नव्हती म्हणून. आजची उणीव त्याच जातीची आहे. शाहूपुरी व लक्ष्मीपुरीतील व्यापाऱ्यांनी मनावर घेतले, तर खेड्यांतून आलेल्या वीस-पंचवीस मुलामुलींना संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून त्यावर उभ्याने बोलावयास लावणारा एक वर्ग चालविणे कठीण नाही. एखादा निवृत्त अधिकारी, एखादा इंग्रजीचा शिक्षक, एक खोली व दिव्याचा खर्च, एवढेच भांडवल. सत्कारांच्या हारतुऱ्यांवर होणाऱ्या खर्चातील थोडा भाग येथे वळविला, तर तो हिशेबवहीत कोठेही बुडीत खाती मांडावा लागणार नाही.